पाइपातला साहेब

"यावर तुमच्यापैकी कोणाचाही विश्वास बसणार नाही," मी म्हणालो, "आणि बसलाच, तर मला तुमची काळजी वाटेल."

माझी नात शर्वरी ओट्यावर इंग्रजीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या बाईंनी वाक्प्रचार पाठ करायला दिले होते, आणि मेले सगळेच्या सगळे अंतराचे. लाँग वे टू गो. कम अ लाँग वे. सो फार सो गुड. पोरगी पार वैतागली होती.

"आबा, ही माणसं चालतात तरी किती? काम झालं की म्हणे लांबून आलो, राहिलं की म्हणे लांब जायचंय. एका जागी बसून काही करतच नाहीत का?"

"करतात की. एका जागी बसून मी ही सगळी वाक्यं ऐकलीत. डोंगराच्या पोटात, अंधारात, ढिगाऱ्यामागं कोंडून. तुझ्या बाईंनाही येत नसतील इतकी."

"तुम्ही सातवी नापास ना?"

"गणितात. इंग्रजीत नव्हे."

शेजारी येसू बसला होता. येसाजी. धरणाच्या कामावर आम्ही दोघं बरोबर होतो. पुढं तो लेकाकडं कऱ्हाडला गेला, तो आता इतक्या वर्षांनी माझ्याकडं राहायला आला होता. बोगद्यात माझ्याबरोबर कोंडलेल्यांतला तो एक. त्याच्या समोर ही गोष्ट मी आजवर कधी सांगितली नव्हती, म्हणून जरा थबकलो.

"सांग की," येसू म्हणाला. "मी बी ऐकतो. मी तिथं हुतो खरा, पन मला आता काय धड आठवत न्हाई."

न आठवणारा साक्षीदार म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला लागलेली लॉटरी. मी पाय वर घेतले आणि सुरू केलं.

तेव्हा आमच्या डोंगरातून बोगदा चालला होता. वरच्या धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली वीजघरात न्यायचं होतं. त्यासाठी विलायतेहून पेंबर्टन नावाचा साहेब आणला होता. कामगार त्याला पेंबरसाहेब म्हणायचे. मी हत्यारांच्या कोठीवर होतो. साहेब रोज सकाळी बोगद्याच्या टोकाला, जिथं खडक फोडायचं चालायचं तिथं यायचा, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी खडकावर थाप मारायचा आणि एक वाक्य बोलायचा. मी मागं बॅटरी धरून उभा. शाळेत जे इंग्रजी शिरलं नाही ते तिथं शिरलं.

हा माणूस बोगदा फुटांत मोजायचा आणि बोलायचा मात्र वाटसरूसारखा. काम चांगलं झालं की 'वुई हॅव कम अ लाँग वे'. रखडलं की 'स्टिल अ लाँग वे टू गो'. ड्रिलची काडी मोडली की 'वुई आर गेटिंग नोव्हेअर'. आमच्या भटाऱ्यानं भाजलेला पाव तोंडात घातला की म्हणायचा, हा माझ्या आईच्या पावापासून 'अ फार क्राय' आहे. म्हणजे इथून ओरडलं तरी तिथं ऐकू जायचं नाही इतका लांब. येसू सगळ्यांच्या आधी भोक पाडायचा, त्याला साहेब 'माइल्स अहेड' म्हणाला आणि वर एक सिगारेट दिली.

"ती मातूर आठवतीया," येसू म्हणाला. "कडू हुती."

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी साहेब बोगद्याच्या तोंडाशी एका धोंड्यावर बसायचा, खालच्या खोऱ्याकडं बघत. चहा गार व्हायचा. एकदा मी हाका मारमारून दमलो, तेव्हा ओव्हरसियर म्हणाला, "राहू दे रे केरबा, ही इज माइल्स अवे." साहेब तर माझ्यापासून दोन हातांवर बसलेला. पण मला कळलं. आपल्या बोलण्यातही लांबचा पल्ला असतो, आपणही मजल मारतो. पण ते आपण कधीमधी तोंडी लावायला घेतो. ह्या माणसाचं जेवणच ते होतं. घर सोडून इतक्या लांब आलेला माणूस दुसरं बोलणार तरी काय?

तर एके दिवशी दुपारच्या जेवणाची वेळ. सगळे बाहेर गेलेले. टोकाशी तिघंच होतो. येसू, कारण त्याला एक भोक पुरं करायचं होतं. मिरजेचा दस्तगीर, कारण येसूच्या ड्रिलचा दुसरा जोडीदार तो. आणि मी, कारण मी पहारींची गणती करायला गेलो होतो.

"तू झोपायला आला हुतास," येसू म्हणाला. "आत गार असायचं म्हनून."

"तुला आठवत नाही ना?"

"ऱ्हायलं. सांग."

मागं धाडकन आवाज झाला आणि वाऱ्याची अशी लाट आली की मी आडवाच झालो. कानांत दडे बसले. बॅटरी लावली तर नुसती धूळ. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं की बाहेर जायची वाटच उरली नव्हती. छतातली चिखलमातीची भेग सुटून सगळा ढिगारा बोगदाभर बसला होता. पुढं अख्खा डोंगर, मागं पडलेला डोंगर, आणि मधे आम्ही तिघं, माजघराएवढ्या जागेत.

दस्तगीर ओरडत होता. त्याचा पाय घोट्याच्या वरपर्यंत ढिगाऱ्याच्या कडेला सापडला होता. आणि त्याच्या बरोबर वर, एका तिरक्या वाशावर, म्हशीएवढा धोंडा अडकून राहिला होता. वासा बारीक कुरकुरत होता. तो आवाज अजून कधीकधी मला जेवताना ऐकू येतो.

ढिगाऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात येसूला जरा फट दिसली. त्यानं पहार उचलली. मी त्याचा हात धरला. "अरे, तिथं हात लावलास तर वासा सुटेल. दस्तगीरचा चेंदा होईल."

"आनि न्हाई लावला तर तिघंबी गुदमरून मरू."

"बाहेरून येतील की."

"किती लांब हायत त्ये? सांग. जवळ असतील तर बसतो. लांब असतील तर एकाच्या जिवासाठी तिघांनी मरायचं न्हाई." मग त्यानं दस्तगीरकडं पाहिलं आणि मान फिरवली. "माझं चुकतंय का रं दस्तू?"

दस्तगीर येसूच्या हातातल्या पहारीकडं बघत होता.

एवढाच प्रश्न होता, शर्वरी. ते किती लांब आहेत? त्यावर एका माणसाचा जीव लटकत होता.

भिंतीच्या कडेनं ड्रिलला हवा पुरवणारा लोखंडी पाइप होता. ढिगाऱ्याखालून तो बाहेरपर्यंत जात होता. मी त्याची नळी उपसली आणि तोंडाला कान लावला. प्रथम नुसती सूं सूं. मग हवा थांबली आणि आतून, विहिरीतून यावा तसा, साहेबाचा आवाज आला. पाइपाचं तोंड एका कानापुरतं. तेव्हा ऐकायचं मीच आणि सांगायचंही मीच. मी ओरडलो, "थ्री मेन, साहेब! अलाइव्ह!" साहेब म्हणाला, "वुई आर नॉट फार. सिट टाइट."

माझा आनंद पोटात मावेना. मी वळून म्हणालो, "जवळच आहेत! आलेच!"

येसूचा चेहरा उतरला. "आलेच म्हनाला?"

"हो! आलेच!"

दस्तगीरनं डोळे मिटले आणि पुटपुटायला लागला. येसूनं पहार दोन्ही हातांत धरली.

"का? असं का?" शर्वरीनं विचारलं.

अगं, तू आमच्या काळात डोंगर चढली नाहीस म्हणून विचारतेस. आमच्याकडं वाटसरूनं विचारलं, 'गाव किती लांब?' तर खरं कोणी सांगायचं नाही. चालणाऱ्याचे पाय मोडले तर पाप लागतं म्हणत. म्हणून सांगायचं, 'हे काय, त्या टेकाडाआड. आलंच.' टेकाड चढावं तर पुढं दुसरं टेकाड, आणि तिथं गुराखी म्हणणार, 'आलंच की.' 'आलंच' ऐकलं की आमची माणसं सरळ खाली बसून भाकरी सोडायची, कारण रात्र वाटेतच जाणार हे नक्की. ज्याला खरंच थोडं चालायचं राहिलंय, त्याला मात्र लोक म्हणायचे, 'हाय बाबा अजून लांब.' कारण आता लांब म्हटलं तरी त्याचे पाय मोडणार नसतात.

येसू डोंगरातला. दस्तगीरनंही दहा वर्षं इथलंच पाणी प्यालेलं. मी 'आलेच' म्हटलं आणि दोघांनी ऐकलं, 'संपलं.'

येसूनं फटीला पहार लावली. वरून माती सरकली, वासा बोलला. मी पुन्हा पाइपाला कान चिकटवला आणि ओरडलो, "थांब! थांब! मी चुकीचं ऐकलं. साहेब म्हणतोय, लांब आहे. स्टिल अ लाँग वे टू गो!"

येसू थांबला. "लांब म्हनाला?"

"चांगलंच लांब."

त्यानं पहार खाली ठेवली आणि पहिल्यांदा पूर्ण श्वास सोडला. "मग हाय आशा," तो म्हणाला.

"पण साहेब तर 'नॉट फार' म्हणाला होता," शर्वरी म्हणाली.

"दुसऱ्यांदा लांब म्हणाला."

"लगेच?"

"इंग्रजाला मत बदलायला कितीसा वेळ लागतो? पुढं ऐक."

काही वेळानं डोंगर पुन्हा खोकला. ढिगाऱ्याच्या आत काहीतरी मोठं बसलं. वासा तेवढा टिकला. पण अधूनमधून पाइपातून येणारी हवा बंद झाली. सूं सूं थांबली की अंधार अचानक जवळ येतो, हे मला तिथं कळलं. तोपर्यंत अंधार लांब बसला होता, आता अंगावर रेलला. मी बराच वेळ कान लावून राहिलो.

"काय म्हनतोय?" येसूनं विचारलं.

"म्हणतोय, हवा मुद्दाम बंद केलीय. हवेच्या जोरानं ढिगारा हलतो."

"आसं असतं व्हय?"

"साहेबाला कळतं का तुला?"

त्यानंतर आम्ही बसलो. किती वेळ ते विचारू नका. तिथं वेळ नव्हता, छतातून गळणारं पाणी तेवढं होतं. ते टोपीत धरून प्यायचं. बॅटरी एकच उरली होती, ती लावायची आणि विझवायची. दस्तगीर मधेच शुद्धीवर यायचा, मधेच बरळायचा. हवा जड झाली होती. बोलताना शब्दामागं शब्द उचलून ठेवावा लागायचा. येसू ढिगाऱ्यासमोर पहार आडवी घेऊन बसलेला, आणि माझ्यामागं खडक, ओला, थंड, घोंगड्यासारखा पाठीला चिकटलेला. उठून उभं राहिलं की डोकं कशाला तरी लागेल असं वाटायचं. लागायचं नाही, पण वाटायचंच.

थोड्या थोड्या वेळानं येसू म्हणायचा, "इचार." मी कान लावायचो. मग मोठ्यानं इंग्रजी म्हणायचो आणि अर्थ सांगायचो.

'वुई हॅव कम अ लाँग वे.' "साहेब म्हणतोय, बरीच मजल मारली."

"म्हंजे जवळ आलं?"

"तसं नाही म्हणाला. लांबून आलोय म्हणाला. लांब जायचंही आहे म्हणाला."

"दोन्ही लांब?"

"दोन्ही."

येसू विचार करायचा. "मानूस खरं बोलतोय," म्हणायचा.

कधी तो म्हणायचा, "सायबाला फूट कळत्यात. फूट इचार." मी पाइपात ओरडायचो, "हाऊ मेनी फीट?" आणि कान लावायचो. "म्हणतोय, ऑल द वे."

"ते किती?"

"पूर्ण."

'हाफवे देअर' आलं. 'गेटिंग देअर' आलं. एकदा येसूचा हात पहारीकडं सरकायला लागला, तेव्हा नेमका साहेब म्हणाला, 'डोंट गो टू फार.' मर्यादा सोडू नका. येसूनं हात मागं घेतला. दस्तगीरनं एकदा विचारलं, "साहेब मेरे बारे में क्या बोला?" मी म्हणालो, साहेब म्हणतोय दस्तगीर 'माइल्स अहेड' आहे. दस्तगीर त्या अवस्थेत हसला. येसूला राग आला. "त्यो मी हाय," म्हणाला.

पण साहेबाच्या पोतडीतही वाक्यं किती असणार? एक वेळ अशी आली की त्याच्याजवळचं सगळं बोलून झालं. माझ्या घशाला कोरड. येसू म्हणाला, "इचार." मी कान लावला, लावून राहिलो. शेवटी म्हणालो, "सो फार, सो गुड."

"म्हंजे?"

"इथवर आलोय, इथवर बरं आहे."

"इथवर म्हंजे कुठवर?"

"साहेबाच्या इथवर."

येसूनं बॅटरी लावली. उजेड हळदीसारखा पिवळा पडला होता. त्यानं तो आधी दस्तगीरच्या तोंडावर धरला, मग माझ्या. "केरबा," तो म्हणाला, "ही बॅटरी संपली की मी हात घालनार. मग सायब कुठवर बी असू दे."

मी खडकाला पाठ टेकली. तिथंच बसल्या बसल्या माझा डोळा लागला.

"अशा वेळी झोपलात?" शर्वरी म्हणाली.

"हवा जड असली की माणूस झोपत नाही, बुडतो."

जाग आली तेव्हा काळोख होता. बॅटरी संपली होती. मी चाचपडत हात पुढं केला. येसू जागच्या जागी बसलेला. दस्तगीर श्वास घेत होता. वासा कुरकुरत होता, म्हणजे जागेवर होता. येसू म्हणाला, "इचार." मी विचारलं. आणि साहेब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. लाँग वे टू गो, लाँग वे वुई हॅव कम. असं कितीदा झालं कोण जाणे.

आणि मग वरच्या कोपऱ्यात खुडखुड झाली. लाकडी चौकटी ठोकत, एकेक धोंडा हातानं काढत ते आले होते. वाशाखाली आधी दोन टेकू लावले, मग आत उजेड आला. त्या उजेडापाठोपाठ पोटावर सरपटत पेंबरसाहेब. आम्हाला बघितलं आणि तो तिथंच चिखलात बसला. कागदासारखा पांढरा. त्यानं माझ्या तोंडाला हात लावून बघितला, मग येसूच्या, मग दस्तगीरच्या. त्या दिवशी मात्र त्याला लांबचं, जवळचं, एकही वाक्य सुचलं नाही. दस्तगीरचा पाय गुडघ्यापासून गेला, पण माणूस राहिला. मिरजेत पुढं त्यानं सायकलचं दुकान काढलं, दोन लेकींची लग्नं केली.

शर्वरीनं पुस्तक मिटलं होतं. कपाळाला आठी होती, तिच्या आजीसारखी. "आबा, साहेब सगळा वेळ तुमच्याशी बोलत होता ना? मग तुम्हाला बघून एवढा का घाबरला?"

"इंग्रज माणूस. त्यांचं आश्चर्य उशिरा पोचतं."

"आणि बॅटरी संपल्यावर येसूआजोबांनी पहार का नाही घातली?"

गोष्ट इतकी छान जमून आली होती. तिला कळस चढवावा असं मला वाटलं. "त्याचं असं झालं," मी म्हणालो, "मी झोपेत असताना साहेब स्वतः येसूशी बोलला. याला हाक मारली. 'येसू,' म्हणाला, 'यू हॅव कम अ लाँग वे. आता थोडक्यासाठी घाई करू नकोस.' मराठीतनं!"

"माझ्याशी?" येसू म्हणाला.

"तुझ्याशीच. तुला आठवत नाही म्हणालास ना."

येसूनं मांडीवरचा पंचा घडी करून बाजूला ठेवला.

"केरबा, पाइप मुका हुता."

त्यानं पंजाची नळी करून कानाला लावली.

"तू झोपलास तवा मी कान लावला. बराच वेळ लावला. वारा न्हाई, आवाज न्हाई. मग तोंड लावून सायबाला हाक मारली, तर माझीच हाक माझ्या तोंडावर आली. लगीच. पाइप तिथंच, हातभरावर, चेपला हुता. दुसऱ्यांदा डोंगर पडला, तवापासनं त्यात कुनी सायब नव्हता."

मी शर्वरीकडं बघितलं नाही. येसूकडंही नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" शर्वरीचा आवाज बारीक झाला होता. "मग तुम्ही पहार का नाही उचलली?"

"उचलली हुती की. ह्याच्या अंगावरनं पाय टाकून ढिगाऱ्यापतूर गेलो बी हुतो." येसू माझ्याकडं वळला. "मग मनात आलं, ह्यो आता उठंल, पाइपाला कान लावंल आनि आज सायब काय म्हनतोय त्ये सांगंल. तेवढं ऐकावं आनि मग हात घालावा. तू उठलास, सांगितलंस. म्हटलं, आता ह्याच्या म्होरलं बी ऐकू."